तीस फुटी शर्यतीच्या बोटीला २६ पिच ठेवावा की २८ घ्यावा? प्रॉपेलर आणि ड्राइव्हबद्दल सल्ला हवा आहे

हिंगणा_गिअरवाला (नागपूर)

नमस्कार मंडळी,

हिंगणा एमआयडीसीत गेली बावीस वर्षे मी गिअरबॉक्स दुरुस्तीचे काम करतो. कोळसा खाणींच्या कन्व्हेयरपासून भातगिरण्यांपर्यंत अनेकांचे गिअर माझ्या टेबलावर उघडले गेले आहेत, मात्र पाण्यात चालणारा गिअर आजवर एकही आला नव्हता. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्यावे.

अलिबागला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने खुल्या समुद्रातील शर्यतीसाठी बांधलेली एक जुनी तीस फुटी बोट विकत घेतली आहे. तळ खोल व्ही आकाराचा असून ट्रान्समपाशी, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीपाशी, त्याचा कोन २४ अंश आहे. ८.१ लिटरची दोन पेट्रोल व्ही-८ इंजिने आहेत, प्रत्येकी ४२५ अश्वशक्तीची, आणि त्यांच्यामागे १.५० रेशोच्या ब्राव्हो वन जातीच्या दोन स्टर्न ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या भिंतीबाहेरच्या प्रॉपेलरपर्यंत नेणाऱ्या गिअरपेट्या, आहेत. प्रॉपेलर चार पात्यांचे, स्टेनलेस स्टीलचे, सव्वापंधरा इंच व्यासाचे आणि २६ पिचचे आहेत, म्हणजे एका फेऱ्यात कागदावर २६ इंच पुढे जाणारे. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ४६०० ते ५००० आरपीएमच्या दरम्यान फिरले पाहिजे, असे पुस्तकात दिले आहे. मांडव्याहून मुंबईच्या दिशेने भावाने बोट पूर्ण वेगात नेली तेव्हा ४७५० आरपीएमला जीपीएसवर ५६ नॉट वेग दिसला.

मी कागदावर गणित केले. ४७५० भागिले १.५० म्हणजे प्रॉपेलरचे ३१६७ फेरे. गुणिले २६ इंच. त्याचे नॉट केले तर पावणेअडुसष्ट येतात. प्रत्यक्षात मिळाले ५६, म्हणजे सतरा टक्के वेग कुठेतरी जातो आहे. माझ्या धंद्यात एक दात दुसऱ्या दातावर सतरा टक्के घसरला तर गिऱ्हाईक दारात येऊन बसते.

भावासमोर तीन पर्याय आहेत. २८ पिचचे प्रॉपेलर घ्यावेत, ड्राइव्ह वर उचलून बसवाव्यात, किंवा हे सगळे काढून परदेशी शर्यतींतल्या बोटींसारखी, प्रॉपेलर अर्धा पाण्याबाहेर ठेवून फिरवणारी अर्नसन सरफेस ड्राइव्ह लावावी. त्याचा कल तिसऱ्याकडे आहे, आणि त्यामागचे खरे कारण मागे उडणारा पाण्याचा तुरा फोटोत छान दिसतो हे असावे, असा माझा संशय आहे. बोट ट्रेलरवर असल्यामुळे रीतसर परवानगी काढून गोसीखुर्दच्या जलाशयात चाचणी घेतली तर मला स्वतःला हजर राहता येईल, असाही एक विचार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_इंजिनरूम (नागपूर)

भाऊ, मी नौदलाच्या इंजिनरूममधून निवृत्त होऊन मनीषनगरला स्थायिक झालो आहे आणि नंतरची काही वर्षे मुंबईत वेगवान गस्ती बोटींच्या दुरुस्तीत होतो. माहिती नीट दिलीत, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

पहिली गोष्ट म्हणजे स्लिप, म्हणजे तुमचा तो कुठेतरी जाणारा वेग, हा दोष नव्हे. लाकडात शिरणारा स्क्रू एका फेऱ्यात आपल्या आट्याइतकाच पुढे जातो, कारण लाकूड जागचे हलत नाही. पाणी मात्र हलते, आणि प्रॉपेलर ते मागे ढकलतो म्हणूनच बोट पुढे जाते. शून्य स्लिप म्हणजे शून्य रेटा. तुमच्यासारख्या वेगवान व्ही बोटीत दहा ते पंधरा टक्के स्लिप नेहमीची समजावी. सतरा थोडी जास्त आहे, पण ती सतराच आहे यावर माझा अजून विश्वास नाही. भावाने बोट एकाच दिशेने पळवली ना? मुंबई बंदराच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा प्रवाह दोन नॉटांच्या घरात सहज असतो. जीपीएस जमिनीशी मोजतो, प्रॉपेलर पाण्याशी झुंजतो. त्याच पट्ट्यात, त्याच आरपीएमला, दहा मिनिटांच्या आत जाऊन-येऊन दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या आणि मगच बोला.

२८ पिचबद्दल सांगायचे तर, एक इंच पिच वाढवला की साधारण १५० ते २०० आरपीएम उतरतात. दोन इंचांनी तुमचे इंजिन ४४००च्या आसपास येऊन थांबेल, म्हणजे पुस्तकातल्या खालच्या मर्यादेच्याही खाली. तिथे ते पूर्ण थ्रॉटल उघडा असताना दबून चालते, सिलिंडरमधले तापमान वाढते, आणि वेग मिळायचा बाजूलाच राहून पिस्टन हातात येतात. शिवाय भावाने चाचणीच्या दिवशी टाकीत पेट्रोल किती होते हे लिहिलेले नाही. चारशे लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास तीनशे किलो वजन. अर्ध्या टाकीवर निवडलेला प्रॉपेलर शर्यतीच्या सुरुवातीला, भरलेल्या टाकीवर, जड पडतो.

आता मुख्य मुद्दा, जो सपाट पाण्यातल्या आकड्यांत दिसत नाही. खुल्या समुद्रातली शर्यत आणि तलावातली शर्यत यांत फरक असा की, समुद्रात तुमचा प्रॉपेलर बराच काळ पाण्याबाहेर असतो. १९६० च्या मायामी-नासाउ शर्यतीत रे हंट यांनी आखलेली, रिचर्ड बर्ट्रम यांची ‘मॉपी’ खवळलेल्या समुद्रात बाकीच्यांना मागे टाकून जिंकली आणि त्यानंतर खोल व्ही तळ हा या शर्यतींचा पाया झाला. तो तळ लाट कापत उतरतो, त्यामुळे माणसांच्या पाठीचे कणे वाचतात. पण लाटेच्या माथ्यावरून बोट हवेत जायची ती जातेच. त्या अर्ध्या-एक सेकंदात प्रॉपेलरवरचा भार नाहीसा होतो आणि इंजिन सरळ फेरे रोखणाऱ्या लिमिटरपर्यंत धावते. मग बोट खाली येते, प्रॉपेलर पुन्हा पाण्यात शिरतो, आणि क्रँकशाफ्ट व फ्लायव्हीलमध्ये साठलेली सगळी जादा ऊर्जा एका फटक्यात गिअरच्या दातांवर येते. ४८०० ऐवजी ५२०० वर फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये सतरा टक्के अधिक ऊर्जा असते, कारण ती फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. स्टर्न ड्राइव्हमध्ये शक्ती दोनदा नव्वद अंशांत वळते, एकदा वरच्या पेटीत आणि एकदा खाली. म्हणजे हा फटका बेव्हल गिअरच्या दोन जोड्या खातात. तुम्हाला मी अधिक काय सांगावे?

म्हणूनच मोठ्या शर्यतींच्या बोटींत सुकाणू एकाच्या हाती आणि थ्रॉटल दुसऱ्याच्या हाती असतो. थ्रॉटल सांभाळणाऱ्याचे काम वेग वाढवणे एवढेच नसून, बोट हवेत जाताच थ्रॉटल ओढणे आणि पाण्याला टेकताना नेमक्या क्षणी पुन्हा देणे हे आहे. भाऊ एकटाच दोन्ही करणार असेल, तर प्रॉपेलर आणि ड्राइव्ह दोन्ही त्या मानाने सोशिक घ्यावे लागतील. चालक जागेवरून फेकला गेला तर इंजिन बंद करणाऱ्या, त्याच्या मनगटाला बांधायच्या किल-स्विचच्या दोरीबद्दल मी वेगळे सांगत नाही. ती असलीच पाहिजे.

अर्नसनबद्दल थोडक्यात लिहितो. हॉवर्ड अर्नसन यांच्या रचनेत शाफ्ट ट्रान्सममधून सरळ मागे येतो, गोल सांध्यावर हायड्रॉलिक सिलिंडरने हलतो, आणि पळताना प्रॉपेलरचा वरचा अर्धा भाग पाण्याबाहेर फिरतो. पाण्यात ओढ देणारी गिअरपेटी नाही, बेव्हल गिअर नाहीत, हे फायदे खरे आहेत. पण त्यासाठी इंजिनामागे वेगळा गिअरबॉक्स लागतो, इंजिने पुढे सरकतात, बोटीचा तोल बदलतो, मोठे प्रॉपेलर घ्यावे लागतात, आणि बोट पाण्यावर उठेपर्यंत तो पूर्ण बुडालेला प्रॉपेलर इंजिनाचा गळा धरतो. रिव्हर्सची बोंब असते, जेट्टीला लावताना भावाला ते कळेल. दीड-दोन हजार अश्वशक्तीला जे शहाणपण आहे ते ४२५ ला हौस ठरते. मर्क्युरी रेसिंगने ५२५ अश्वशक्तीच्या इंजिनामागे ब्राव्होचीच एक्सआर ही मजबूत आवृत्ती दिली होती. तुमच्या भावासाठी मजल तिथपर्यंतच पुरेशी आहे.

गोसीखुर्दचा बेत मात्र सोडून द्यावा. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलके, त्यामुळे प्रॉपेलर थोडा मोकळा फिरेल. उलट तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंची आणि नवतप्यातले ४५ अंश तापमान असताना इंजिनाला मिळणारी हवाच विरळ, त्यामुळे ते थोडे अशक्त असेल. दोन चुका एकमेकींना झाकतील आणि तुम्हाला आकडा बरोबर वाटेल. असा आकडा सरळ चुकलेल्या आकड्यापेक्षा वाईट.

आरसी_बोट_विदर्भ (नागपूर)

माझा संबंध खऱ्या बोटींशी नसून रिमोटवरच्या बोटींशी आहे. पूर्वी आम्ही पहाटे फुटाळ्यावर जात असू. तिथे कारंजी उभी राहिल्यापासून शहराबाहेरचे तळे गाठावे लागते. आमच्या वेगवान बोटींत जवळपास सगळ्याच सरफेस ड्राइव्ह असतात, म्हणून अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो.

शाफ्टची उंची हा सर्वांत हळवा विषय आहे. माझ्या नव्वद सेंटिमीटरच्या बोटीत शाफ्ट दोन मिलिमीटर वर घेतला तेव्हा सरळ रेषेत वेग स्पष्ट वाढला, पण वळणावर मागचा भाग असा काही सुटला की बोट स्वतःभोवती फिरली आणि मला छातीभर पाण्यात उतरून ती आणावी लागली. दुसरे म्हणजे, मागची कड सरळ कापलेला क्लीव्हर जातीचा प्रॉपेलर मागचा भाग उचलतो आणि नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, खाली दाबतो; पाती मागे झुकलेला, म्हणजे जास्त रेक असलेला, प्रॉपेलर नाळ उचलतो. व्ही तळाच्या जड बोटीला नाळ उचलणारा हवा. फोटोंतल्या कॅटमरान बोटींना क्लीव्हर शोभतो, कारण त्यांना दोन तळांमधली हवाच उचलून धरते. भावाने फोटो पाहून प्रॉपेलर मागवू नये एवढेच म्हणणे.

माझी सूचना अशी की दहास एक प्रमाणात मॉडेल करावे आणि तीन-चार जातींचे प्रॉपेलर त्यावर तपासावेत. खर्च फार नाही.

पंखा_दुरुस्ती_माझगाव

मॉडेलची सूचना चांगल्या मनाने केलेली असली तरी एका जागी ती फसवेल, म्हणून लिहितो. बोट दहा पट लहान करता येते, पण हवेचा दाब दहा पट लहान करता येत नाही. कॅव्हिटेशन म्हणजे पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरणे की पाणी थंडच असताना उकळते. आपल्याकडच्या समुद्राच्या तापमानाला त्यासाठी दाब वातावरणाच्या साधारण पंचविसाव्या भागावर यावा लागतो. मॉडेलमध्ये वेग कमी, दाब मात्र पूर्ण, त्यामुळे मॉडेलचा प्रॉपेलर निर्मळ चालेल आणि तोच आकार मोठ्या बोटीत पाणी उकळवत बसेल. चार्ल्स पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ १८९४ मध्ये याच कारणाने अडकली होती: टर्बाइन उत्तम, प्रॉपेलर पोकळीत फिरतो. त्यांनी बंद टाकीत छोटा प्रॉपेलर ठेवून पंपाने हवा काढली, तेव्हा कुठे ते बुडबुडे नजरेस पडले. शेवटी तीन शाफ्टवर नऊ प्रॉपेलर लावून १८९७ मध्ये त्या बोटीने ३४ नॉट गाठले.

वेंटिलेशन हे प्रकरण याहून वेगळे. त्यात पृष्ठभागावरची हवा किंवा एक्झॉस्ट पात्यांत शिरतो. लोक दोन्हींना एकच नाव देतात आणि मग उपचार चुकतात. पात्याच्या पाठीवर वाळवी लागल्यासारखी बारीक खड्डे पडलेली जागा दिसली तर ते कॅव्हिटेशन. पाती स्वच्छ असून वळणावर आरपीएम अचानक उडत असेल तर हवा शिरते आहे, आणि त्यावर मागच्या कडेला कप, म्हणजे चमच्याच्या ओठासारखा किंचित बाक, घालून पकड वाढवता येते. कपने पिचही थोडा वाढल्यासारखा होतो, हे गणितात धरावे.

माझे रोजचे काम मासेमारीच्या ट्रॉलरच्या पितळी पंख्यांचे, म्हणजे प्रॉपेलरचे, आहे. अशा पातळ धारेच्या स्टेनलेस जोड्या क्वचित येतात. त्या येतात तेव्हा मी पहिल्यांदा एकच गोष्ट करतो: आठही पाती पिच ब्लॉकवर, म्हणजे पिच तपासायच्या साच्यावर, ठेवून मोजतो. हबवर २६ कोरलेले असले म्हणून चारही पाती २६ ची असतातच असे नाही. कधीकाळी कुणी तरी वाळूत लागलेले पाते हातोडीने सरळ केलेले असते. आपल्या भावाला सांगून जोडी मोजून घ्या, आणि कुठल्या बाजूचा कुठला पंखा हे काढण्याआधी रंगाने लिहून ठेवा.

हिंगणा_गिअरवाला (नागपूर)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत बरेच घडले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

भावाने भरल्या टाकीने जाऊन-येऊन चाचणी केली. ४७५० आरपीएमलाच एका बाजूने ५६ आणि दुसऱ्या बाजूने साडेसाठ नॉट. सरासरी सव्वाअठ्ठावन्न, म्हणजे स्लिप चौदा टक्के. माझी झोप उडवणारे तीन टक्के ओहोटीचे होते.

प्रॉपेलर मोजले. डावा चारही पात्यांत २६ निघाला. उजव्याचे एक पाते पिचमध्ये पाऊण इंचाने कमी आहे आणि त्याच्या टोकाशी घासल्याची खूण आहे.

याहून महत्त्वाचे पुढे आहे. घरच्या लग्नाला भाऊ नागपूरला आला तेव्हा दोन्ही ड्राइव्हचे तेल पाण्याच्या दोन बाटल्यांत भरून घेऊन आला. मी ते दोन पांढऱ्या बशांत ओतले. डावे तेल मधाच्या रंगाचे, स्वच्छ. उजव्या बशीत बोट फिरवले तेव्हा तेलात काजूकतलीवरच्या वर्खासारखी बारीक चंदेरी चमक तरंगत होती. तेल दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे सील शाबूत आहे आणि पाणी आत गेलेले नाही. झिजते आहे ते पोलादच. उजवी ड्राइव्ह उतरवून ट्रान्सपोर्टने मागवली आणि वरची पेटी उघडली. दातांना निळा रंग लावून ठसा घेतला तर तो दाताच्या मध्यावर न पडता बाहेरच्या टाचेकडे सरकलेला आहे, आणि तिथेच चार दातांवर बाजरीच्या दाण्याएवढे खड्डे आहेत. एका पात्यामुळे येणारी सततची थरथर आणि त्यावर प्रत्येक लाटेचा फटका, असा हा जोडधंदा दिसतो. ही भाषा मला येते.

आता दोन प्रश्न उरतात. २६ पिचच ठेवायचा का, आणि ड्राइव्ह वर उचलण्यात अर्थ आहे का?

निवृत्त_इंजिनरूम (नागपूर)

भाऊ, तुम्ही ज्या वाटेने आलात ती वाट बरोबर आहे. भरल्या टाकीने ४७५० मिळतात, याचा अर्थ टाकी उतरत जाईल तसे इंजिन ४८५०-४९०० पर्यंत जाईल आणि तरीही मर्यादेत राहील. २६ ठेवा. उजवा प्रॉपेलर माझगावला दुरुस्त करून घ्या, दोन्ही एकत्र तोलून आणा, आणि जमल्यास २४ पिचची एक जुनी जोडी खवळलेल्या दिवसासाठी बाळगा. अशा दिवशी पूर्ण वेग तसाही मिळत नाही. लाटेवरून उतरल्यावर बोट लवकर पुन्हा वेग धरते का, तेवढेच कामाचे असते, आणि त्याला लहान पिच उपयोगी पडतो.

उंचीबद्दल सांगतो. आउटबोर्डला, म्हणजे बोटीमागे बाहेर टांगलेल्या इंजिनाला, बोल्ट सैल करून उंची बदलता येते. स्टर्न ड्राइव्हची उंची ट्रान्समला पाडलेल्या भोकाने ठरलेली असते. ती वाढवायची तर खालचा पाय आखूड घ्यावा लागतो किंवा इंजिनासह भोक वर न्यावे लागते. वर नेले की गिअरपेटीच्या बाजूची थंड पाण्याची छिद्रे पृष्ठभागाजवळ येतात, मग नाकातून पाणी घेणारी पेटी लागते. आणि तुमच्या बोटीचा प्रॉपेलर लाटांत आधीच पुरेसा वेळ हवेत असतो. तो वेळ आपण होऊन वाढवण्याइतका वेग अजून भावापाशी नाही. सत्तर नॉटांची इंजिने बसवली तर तेव्हा पाहू.

एक तपासून घ्या. या ड्राइव्हच्या वरच्या पेटीत कोन क्लच, म्हणजे शंकूच्या आकाराचा क्लच, असतो आणि ड्राइव्ह प्रॉपेलरला दोन्ही दिशांना फिरवू शकते, त्यामुळे जुन्या मालकाने केबल बदलून दोन्ही प्रॉपेलर आतल्या बाजूला फिरते केलेले असू शकतात. व्ही तळाला सुरुवात बाहेरच्या बाजूला फिरणाऱ्या जोडीनेच करावी. गिअरचा ठसा घेताना पुढच्या प्रवासात भार वरच्या पेटीतल्या दोन गिअरपैकी कोणत्यावर येतो हे त्यावरच ठरणार आहे.

हिंगणा_गिअरवाला (नागपूर)

आत्ताच भावाला फोन करून विचारले. मागून पाहिल्यावर उजवा प्रॉपेलर घड्याळाच्या दिशेने आणि डावा उलट फिरतो, म्हणजे दोन्ही बाहेरच्या बाजूलाच फिरतात. केबल कुणी बदललेली नाही.

वरच्या गिअरची नवी जोडी मागवली आहे. तोवर जुन्या जोडीवरच शिम, म्हणजे गिअरची जागा ठरवणारे बारीक पत्रे, बदलून ठसा मध्यावर आणून पाहिला, ०.०५ मिलिमीटरच्या दोन पत्र्यांत तो दाताच्या मधोमध बसला, त्यामुळे पेटीचे घर वाकलेले नाही हे कळले. भावाला तुऱ्याचे वाईट वाटले आहे. उजवा पंखा शुक्रवारी अलिबागहून माझगावला निघतो आहे.